कर नाही त्याला डर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी घर बांधावे लागे. माती, विटा, सागाच्या फाट्या आणि गवंड्याची मिनतवारी यांत माणूस जेरीस येई. आता घर तयार मिळते, निदान प्लॉट तरी आखलेला मिळतो. जेरीस येण्याचे ठिकाण मात्र बदलले आहे. गवंड्याच्या जागी वकील आला आणि विटांच्या जागी कागद आले.

आमचे तळेगाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ, म्हणून आमच्या गावाच्या नावापुढे कंसात 'श्यामजी पंत' असे लिहावे लागते. आपण कोण आणि कोणाचे, हे सांगण्याची पाळी इथे गावालाच चुकलेली नाही, तेथे गावकऱ्यांची काय कथा! गावात मास्तर म्हटला की लग्नपत्रिका लिहून घ्यायला आणि कागद वाचून घ्यायला माणसे येणारच. मी कायदा शिकलेलो नाही; मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. तथापि कागद वाचता वाचता समोरचा चेहराही वाचण्याची कादंबरी लिहिणाऱ्याला खोड असते. घर घेऊ पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी एक भाव पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पैसे कमी पडत असले म्हणजे चेहरा चिंतेचा होतो, तो ओळखता येतो. हा भाव निराळा. तो अपमान झालेल्या माणसाचा आहे. त्या अपमानात किती तथ्य आहे, याचा थोडा विचार करावा असे मनात आहे.

घर घेताना दोन प्रश्न विचारले जातात. पहिला घराला: तू कोणाचे? दुसरा पैशाला: तू कोठून आलास? पहिला प्रश्न आपण वकिलाला फी देऊन विचारतो. दुसरा बँक आपल्याला विचारते आणि त्याचे उत्तर आपल्याच खर्चाने, आपल्याच चपला झिजवून द्यावे लागते. लग्न जमवताना स्थळाची कुळी काढावी, तशी ही घराची आणि पैशाची कुळी काढणे आहे. गंमत अशी की, पहिला प्रश्न विचारून झाल्यावर आपल्याला वाटते फी फुकट गेली, आणि दुसरा ऐकताना वाटते अब्रू गेली.

आधी फीचे पाहू. खेड्यात विकणारा बहुधा ओळखीचा असतो. "याच्या बापासंगं मी वखर हाकला, याच्या घराचे कागद वकिलाला कायले दाखवू?" असे घेणारा विचारतो. प्रश्न रास्त वाटतो. परंतु माणूस निर्मळ असणे आणि त्याच्या हातातला कागद निर्मळ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भला माणूसदेखील आपल्या नावावर नसलेले घर आपलेच समजून साठ वर्षे सुखाने राहिलेला असतो.

आमच्याकडच्या एखाद्या जुन्या घराचे कागदांचे बोचके सोडून पाहावे. १९४० सालचा कागद मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचा निघेल, १९५२ चा मध्यप्रदेशाचा, १९५७ चा मुंबई राज्याचा आणि १९६१ चा महाराष्ट्राचा. घर बोटभरही हलले नाही. त्याच्यावरून चार राज्यांची नावे मात्र निघून गेली. मधल्या काळात १९५१ साली मालगुजारी संपली. कोणी वारले, कोणी नागपूरला गेले, वाटण्या तोंडी झाल्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ सगळे घरमालकीचा पुरावा म्हणून दाखवतात. पण तो मुळात घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. कर कोण भरतो हे तो सांगेल, घर कोणाचे हे ठामपणे सांगायला तो बांधलेला नाही. रजिस्ट्री झाली की घर आपले झाले, ही दुसरी समजूत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखताची नोंद होते. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता, याची हमी सरकार त्या शिक्क्याने घेत नाही. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची नव्हे. या दोहोंमधली दरी कोणी तरी चालून पाहावी लागते आणि वकील मागची तीस वर्षे धुंडाळतो तो याच दरीत उतरून.

त्या दरीत बहुधा कोण बसलेले असते? पुष्कळदा बहीण. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. भाऊ घर विकायला निघतात, तेव्हा बहीण सासरी नांदत असते. तिला साडीचोळी झाली, भाऊबीजेला ओवाळणी पडली. सही मात्र कोणी मागितलेली नसते. वकील जेव्हा विचारतो, "यांना बहिणी किती?", तेव्हा विकणारा चिडतो आणि घेणाऱ्यालाही वाटते की हा गृहस्थ जमलेला सौदा मोडणार. खरे पाहता त्या खोलीत हजर नसलेल्या एका बाईच्या वतीने बोललेले ते एकच वाक्य असते, आणि त्याची फी भरलेली असते एका परक्या माणसाने.

१८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्यात एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. ज्याने चौकशी करायला हवी होती, पण मुद्दाम केली नाही, त्याला ती गोष्ट माहीत होती असेच कायदा धरून चालतो. हे तत्त्व वकिलांच्या पुस्तकापेक्षा आपल्या मुलांच्या बालभारतीत असायला हवे होते. "मला काय ठाऊक!" असे म्हणून आपण आयुष्यातल्या किती जबाबदाऱ्यांतून अंग काढून घेतो! कायदा म्हणतो, तू विचारलेच नाहीस ना? मग तुला ठाऊक होते.

कोणी म्हणेल, व्यवहारात कागद हवा. पण जेथे स्वार्थच नाही तेथे तरी विश्वासावर भागेल की नाही? याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. पवनारच्या आश्रमातून निघालेल्या विनोबांना १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले. मागणारा निःस्वार्थी, देणारा स्वखुशीने देणारा. तरीही १९५३ साली मध्यप्रदेशाला, आणि तेव्हा वर्धा जिल्हा त्यातच होता, भूदानासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दान द्यायलाही कागद लागला. देशभरात दान मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळ पुढे वादाच्या निघाल्या, पुष्कळ भूमिहीनांच्या हाती पोचल्याच नाहीत. यात देणाऱ्याचे काही गेले नाही आणि मागणाऱ्या संताचे तर नाहीच नाही. गेले ते त्या तिसऱ्याचे, जो सभेच्या कडेला उकिडवा बसून आपल्याला दोन एकर मिळतील म्हणून वाट पाहत होता.

कागद कोणासाठी असतो, हे या तिसऱ्या माणसाकडे पाहिले की उमगते. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. त्यांचे शब्दावर भागते. जो तेथे नाही, त्याच्यासाठी कागद लागतो. सासरची बहीण, उद्याची विधवा, अजून न जन्मलेला नातू, आपल्यानंतर हे घर घेणारा अनोळखी माणूस, हे सगळे आज बोलू शकत नाहीत. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण मुलांना मोठ्या प्रेमाने सांगतो. तिच्यातला अर्धा भाग मात्र विसरतो. चरित्रकार सांगतात की, त्यांनी आपल्या वाट्याची खते बुडवली. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्या हाती दिली. स्वतःच्या हक्काचा कागद सोडून देण्याचा अधिकार माणसाला आहे. दुसऱ्याच्या हक्काचा कागद विश्वासाच्या नावाखाली बुडवण्याचा अधिकार संतालाही नाही, हे तुकोबांना कळत होते.

म्हणून फी ही वकिलाच्या पंधरा मिनिटांची किंमत समजू नये. बँकेचे कर्ज असले तर अहवाल बँकेच्या वकिलाचा असतो, पैसे आपले असतात आणि पुष्कळ घरांत तो अहवाल घेणाऱ्याने उघडूनही पाहिलेला नसतो. हे मात्र चूक आहे. ज्याची फी आपण भरली, ते आपण वाचावे. नाही समजले तर वाचून घ्यावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वकिलाची फी त्याच्या 'हो'साठी द्यायची नसते. तो 'नाही' म्हणाला, सौदा मोडला, तरी तेवढीच फी आनंदाने द्यावी; किंबहुना त्या दिवशी तिचे खरे मोल झाले असे समजावे. खटल्याच्या निकालावर फी ठरवणे वकिलांना नियमानेच मना आहे, त्यातले मर्म हेच.

पुढे १९३६ पासून आमच्या जिल्ह्यातल्या सेवाग्रामला येऊन राहिलेले गांधीजी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत वकिलीच्या कामासाठी गेले, ते दादा अब्दुल्लांच्या दाव्यात. दोन्ही पक्ष एकमेकांचे नातलग, एकाच गावचे. दावा लांबला असता तर दोघांनाही वकिलांच्या फीने धुऊन नेले असते, हे त्या तरुण वकिलाने पाहिले आणि दोघांना लवादापुढे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. हरलेल्या तय्यब शेटना सदतीस हजार पौंड एकदम देणे म्हणजे दिवाळे निघणे होते, तेव्हा हप्ते बांधून देण्यासाठी गांधीजींनी आपल्याच पक्षकाराची समजूत घातली. भांडण सुरू झाल्यावर दोघांना तारणारा वकील विरळा. भांडण उगवण्याआधीच त्याचे बी शोधून काढणारा मात्र आर्वीच्या कचेरीबाहेरही मिळतो, आणि त्याची फी त्या मानाने फारच थोडी असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण पाळायची असेल तर वकिलाची पायरी आधी चढावी, हे उत्तम.

आता दुसरा प्रश्न, तो अधिक बोचरा आहे. कर नाही त्याला डर कशाला, अशी आपली म्हण आहे. ज्याने काही केलेच नाही त्याला भय कसले? पण या म्हणीतल्या 'कर' शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन पाहा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. सरकारने शेतकऱ्यावर ही मेहरबानी केली, ती योग्यच. मात्र ज्याला कर नाही, त्याच्याजवळ कर भरल्याचा कागदही नाही. आणि ज्याच्याजवळ कागद नाही त्यालाच बँकेच्या दारात डर. म्हणीचा अर्थ असा उलटा होऊन बसला आहे.

आमच्या भागातला संत्रावाला घ्या. आंबिया बहाराचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला विकला. इसार रोख मिळाला, बाकी तोडणीच्या दिवशी; हिशेब पाकिटाच्या पाठीवर झाला आणि पाकीट फेकून दिले गेले. घरात बाईने दोन म्हशींचे दूध घातले, त्यातले दहा-वीस रोज डाळीच्या डब्यात टाकले, पुढे भिशी लावली. बारा वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी रस्त्यालगतच्या ले-आऊटमध्ये घर घ्यायचे ठरले. बँकेत साहेबांनी सहजच विचारले, "हे पैसे कोठून आले?" बारा वर्षांच्या पहाटे त्या बाईच्या डोळ्यांसमोरून गेल्या, टेबलावर ठेवायला मात्र काही नव्हते. मला महिन्याच्या महिन्याला पगाराची चिठ्ठी मिळते. माझ्या प्रामाणिकपणात त्या चिठ्ठीचा काडीचा वाटा नाही. तरी बँकेत मला खुर्ची मिळते ती तिच्यामुळेच.

याच्या उलट, ज्याने जन्मात पऱ्हाटीचे एक बोंड वेचले नाही, तो आपली वरकमाई 'शेतीचे उत्पन्न' म्हणून लिहून देतो आणि त्याचे कागद इतके चोख असतात की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा बाया डब्यातल्या नोटा पदरात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि नवऱ्यांना पहिल्यांदा कळले की घरात इतके शिल्लक होते. पुढे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या अहवालात सांगितले की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. याचा एक अर्थ मला असा दिसतो की, ज्यांना पैशाला कुळी चिकटवण्याची कला अवगत होती, त्यांचे फारसे अडले नाही. लाज वाटली ती पदराखालच्या नोटांना.

मग प्रश्न विचारूच नये काय? असे म्हणता येणार नाही. लाचेचा, लुटीचा पैसा जमिनीत शिरतो, जमिनीचे भाव चढतात आणि कष्टाच्या पैशाने घर घेणारा मागे पडतो. ज्या शेतकऱ्याला तो प्रश्न बोचतो, त्याच्याच संरक्षणासाठी तो आहे. शिवाय बँक देते तो पैसाही तिचा नसतो, कोणा तिसऱ्याच्या ठेवीचा असतो; येथेही तो न दिसणारा तिसरा आहेच. ही रीत एकट्या आपल्या देशाची नाही. आपल्यातल्या कोणाचा मुलगा इंग्लंडात घर घेतो आणि बाप बगीच्याच्या उत्पन्नातून त्याला हातभार लावतो. तेथे घराचे कागद करणाऱ्या वकिलाला सॉलिसिटर म्हणतात. २०१७ च्या नियमांनी त्याच्यावर, पैसा मुळात कोठून आला हे तपासण्याचे बंधन आहे. तो तिकडून विचारतो, वडिलांनी दिले ते वडिलांकडे कसे आले? बाप इकडे रागावतो, "माह्या पोराले मी देतो, हा गोरा कोण विचारणारा?" पण तो गोरा शेजारच्या गोऱ्यालाही हेच विचारतो. सर्वांना सारखा विचारलेला प्रश्न अपमानाचा नसतो. एकाला खुर्ची देऊन आणि दुसऱ्याला उभे ठेवून विचारलेला तोच प्रश्न अपमानाचा होतो. आणि प्रश्न विचारायचा तर उत्तर देणे ऐपतीत असेल असा विचारावा. बाजार समितीची पट्टी, दूध केंद्राचे पुस्तक, बचत गटाचे पासबुक हेही कष्टाचेच दाखले आहेत. ते पाहण्याची तसदी विचारणाऱ्याने घ्यावी.

पण आपल्या बाजूचेही एक दुखणे आहे आणि सणाच्या दिवशी झाले तरी ते बोलायला हवे. पैसे कोठून आले, या प्रश्नाने लाल झालेला तोच माणूस विकणाऱ्याच्या ओसरीवर बसून "किती एक नंबरमध्ये, किती दोन नंबरमध्ये?" हे अगदी शांतपणे ठरवतो. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्याला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. ती दोघांनाही ठाऊक असते. घामाचा, पासबुकातला, सात पिढ्यांना दाखवावा असा पैसा हा माणूस आपल्या हाताने पिशवीत घालून निनावी करतो. आपल्या पैशाची कुळी विचारली म्हणून जो दुखावला, त्यानेच तो पोरका केला. त्यात कोणाचे नुकसान झाले? विकणाऱ्या भावांनी सासरच्या बहिणीचा वाटा कागदावरच्या किमतीने काढला. पिशवीतल्या रकमेचा तिला पत्ताही नाही. घेणारा म्हणतो, तो त्यांच्या घरचा प्रश्न, मला काय ठाऊक! याचे उत्तर वर येऊन गेलेच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात लक्ष्मीशेजारी वही पूजतात. पैसा आणि पैशाचा हिशेब एकाच पाटावर बसवावा, दोघांना एकाच हाताने हळदकुंकू वाहावे, ही मोठी शहाणी रीत आहे. आपल्या घराघरांत त्याच दिवशी केरसुणीला लक्ष्मी मानून तिची पूजा होते. बाजारपेठेच्या लक्ष्मीजवळ वही असते; केरसुणीच्या लक्ष्मीजवळ नसते. बायकांच्या नावाने घर घेतले तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात शेकडा एकाची सूट आहे आणि पुष्कळ घरे आता त्यांच्या नावावर होतात, ही आनंदाची गोष्ट. पण घरावर तिचे नाव चढले, तरी त्यातल्या तिच्या पैशाची नोंद कोठेच नसते. तेव्हा यंदा केरसुणीशेजारी एक साधी वही ठेवावी. बगीच्याचा सौदा कोणाशी झाला, दूध किती गेले, गटात किती भरले, हे तारीखवार त्यात लिहावे. ती वही एकटी पुरावा ठरेल असे मी म्हणत नाही. परंतु तीतल्या तारखा पासबुकाशी आणि पट्टीशी जुळल्या की तिचे म्हणणे कोणाला उडवून लावता येणार नाही. लिहायला येत नसेल तर शाळेत जाणारे पोर घरात आहेच. माझ्या वर्गातली मुले एवढे काम सहज करतील. पुढे कधी कोणी विचारलेच, बाई, हे पैसे कोठून आले, तर तिने वही उघडून दाखवावी. आणि विचारणाऱ्याने, वही हातात घेण्याआधी, तिला बसायला खुर्ची द्यावी.